पाय भरून येतात तेव्हा आत काय चालतं?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी वर प्लेचं बटण आहेच. बोलताना माझ्या तोंडात येणारे शंभर "म्हणजे" आणि दोनशे "तर" इथे कापलेत, बाकी जसं बोललो तसंच.

आमचं गाव खापा. नागपूर जिल्हा, सावनेर तालुका, कन्हान नदीच्या काठावर. दोन गोष्टींसाठी जुन्या लोकांना माहीत आहे, हातमाग आणि आसपासच्या मँगनीजच्या खाणी. आता तिसरी गोष्ट म्हणजे भरतीची तयारी करणारी पोरं. पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर जा, अंधारात टपटप पावलांचा आवाज येतो. पोलीस भरती, आर्मी, एसआरपीएफ. त्यातलाच एक माझा मावसभाऊ.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत घरी होतो. हा सकाळी आला आणि ओट्यावर बसता बसता ओरडला. "दादा, पाय असे भरून रायले का जिना उतरता येत नाही. चढाले काही वाटत नाही, उतराले जीव जाते." आदल्या दिवशी टेकडीवरून उताराने पळायचा सराव केला होता म्हणे. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत पेनकिलरची स्ट्रिप कायम असते, पाठीसाठी. मी ती काढून त्याला दिली. विचार वगैरे काही केला नाही.

आमचे आबाजी बाजूलाच होते. आयुष्यभर माग चालवलेला माणूस. ते म्हणाले, "भरून आले तं भरू दे ना बाबू. अंग भरते ते त्यानंच." मी हसलो. बीटेक केलेल्या नातवाने जसं हसायचं असतं तसं.

आजचा एपिसोड त्या हसण्याबद्दल आहे.

बघा, मराठीत आपण पाय "भरून येतात" म्हणतो तेव्हा दुखतात असं म्हणायचं असतं. जखम "भरून येते" म्हणजे बरी होते. आणि पोरगं तालमीत जायला लागलं की त्याचं अंग "भरतं". दुखणं, बरं होणं आणि वाढणं, तिन्हीला एकच क्रियापद. हा निव्वळ योगायोग असेल, मी काही भाषातज्ज्ञ नाही. पण या तीन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत हे विज्ञानाला कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आणि त्यातली मधली कडी, म्हणजे सूज, तिला तर आपण अजूनही शत्रूच समजतो.

सुरुवात इटलीतून करू. १८९७. मोरपुर्गो नावाच्या संशोधकाला साधा प्रश्न पडला होता. व्यायामाने स्नायू जाड होतो, पण नेमकं काय जाड होतं? त्याने कुत्र्यांच्या एका मांडीतला एक स्नायू काढून ठेवला, मग त्यांना फिरत्या चाकात काही आठवडे पळवलं आणि नंतर दुसऱ्या मांडीतला तोच स्नायू काढून दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवले. प्रयोग क्रूर आहे, आज कोणी परवानगी देणार नाही. उत्तर मात्र स्वच्छ मिळालं. स्नायूतले तंतू वाढून जास्त झाले नव्हते, होते तेच जाड झाले होते. सूत तेवढंच, पण प्रत्येक धागा जाड.

हे वाचल्यावर मला आबाजींचे हात आठवले. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत डाव्यापेक्षा उघड जाड आहे. मागावर धोट्याच्या दोरीला दिवसभर उजव्या हाताने झटका द्यायचा असतो. डाव्या हाताचं काम वेगळं. शरीर इतकं हिशोबी आहे की ज्या स्नायूला काम दिलं तोच भरला, शेजारच्याला फुकट काही नाही.

यानंतर १९०२, अमेरिकेतलं बोस्टन. थिओडोर हॉ नावाचे प्राध्यापक. त्यांच्याकडे अर्गोग्राफ होता. बोटाला वजन बांधायचं, ते पुन्हापुन्हा खेचायचं आणि दर वेळी किती खेचलं याची रेघ कागदावर उमटते, असं यंत्र. हॉ यांच्या लक्षात आलं की दुखणं दोन प्रकारचं असतं. एक काम चालू असताना होणारी आग, ती थोड्या वेळात जाते. दुसरं काही तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त होतं. ते सवय नसलेल्या स्नायूत होतं, आणि सराव झाला की होत नाही. या दुसऱ्या दुखण्याचं कारण स्नायूच्या आत काहीतरी बारीक तुटतंय, असा अंदाज त्यांनी बांधला.

आता गंमत बघा. १९०२ मध्ये हा माणूस हे सांगून गेला आणि तुमच्या जिममधला ट्रेनर आजही म्हणतो, "भाऊ, लॅक्टिक अ‍ॅसिड जमा झालंय." लॅक्टेट व्यायामानंतर साधारण तासाभरात रक्तातून निवळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जे होतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि जिना उतरतानाच का? चढताना का नाही? मावसभावाचा प्रश्न एकदम बरोबर होता. १९५४ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी दाखवून दिलं की स्नायूच्या आत जाड आणि बारीक तंतू एकमेकांत सरकतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून आत ढकलावीत तसे. चढताना हे तंतू आत सरकतात, स्नायू आखडतो. उतरताना उलटं होतं. मांडी शरीराचं वजन धरून ठेवते आणि त्याच वेळी लांब होत जाते. म्हणजे ओढतही आहे आणि ओढलीही जात आहे. तुटायचं ते इथे तुटतं. १९८१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लोकांना खरोखरच जिने उतरायला लावले, मग त्यांच्या पोटरीचा कणभर तुकडा काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तंतूंना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या विस्कटलेल्या होत्या. हॉ यांचा अंदाज बरोबर निघाला, पण तब्बल ७९ वर्षांनी.

मग आपल्याकडे काय होतं या काळात? बरंच काही. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव जुम्मादादा व्यायाम मंदिर चालवत होते, आणि ते नुसते मल्लविद्येचे गुरू नव्हते, हाडं-सांधे बसवण्यातही त्यांचं नाव होतं. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय होतं ते एक्स-रे आणि दाब मोजणारी उपकरणं लावून बघितलं. नौलीत पोटाचे स्नायू एकटे पुढे काढतात ना, त्या वेळी आतड्यातला दाब किती खाली जातो हे मोजणारा माणूस म्हणजे माझ्या भाषेत डीबगर लावून बसलेला माणूस. आमच्या विदर्भात अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच वर्षापासून बडोद्याला मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाचे खंड निघायला लागले. दहा खंड. मराठीत.

ही मंडळी प्रयोगशाळेत स्नायूचे काप करत नव्हती, पण डोस त्यांना कळत होता. नवख्याला पहिल्या दिवशी शंभर बैठका कोणी शहाणा वस्ताद लावत नाही. थोड्या लावतो, दोन दिवसांनी वाढवतो. मालिश, हौदातली माती, रात्रीची झोप, खुराक. अर्थात हजार-हजार जोर मारल्याच्या फुशारक्याही याच तालमींतल्या, त्या मी सोडून देतो. पण "आज दुखलं ते उद्या कमी दुखेल" हे आखाड्याचं पहिलं गणित, आणि शास्त्रज्ञ आता त्याचाच अभ्यास करतात. एकदा उताराने पळून पाय भरले की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा त्रास देत नाही. स्नायू त्या कामासाठी आतून पुन्हा बांधला गेलेला असतो.

पण इजा झाली तर? इथे आखाडा आणि दवाखाना दोघांचं उत्तर फार काळ एकच होतं, पडून राहा. हे बदललं दुसऱ्या महायुद्धात. शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. वॉर्ड गुडघ्याच्या जखमी सैनिकांनी भरलेले, प्लास्टर निघालं की आत मांडीच्या जागी काठी. हलक्या वजनाने शेकडो वेळा पाय हलवायचा जुना उपचार चालू होता आणि माणसं महिनोन्‌महिने घरी जात नव्हती. डीलॉर्म स्वतः लहानपणी संधिज्वराने अंथरुणाला खिळला होता आणि नंतर घरच्या घरी वजनं उचलून उभा राहिला होता. त्याने सैनिकांच्या पायात लोखंडी बूट अडकवले आणि जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन लावलं. दर आठवड्याला वाढवलं. १९४५ मध्ये त्याने हे छापलं. पुढे वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर ते तीन फेऱ्यांवर आणलं, प्रत्येकी दहा. तुम्ही जिममध्ये जे "तीन सेट, दहा रेप्स" मारता ना, ते बॉडीबिल्डरचं गणित वाटतं, पण आलंय जखमी सैनिकांच्या वॉर्डातून.

याच ठिकाणी आपल्या मुरलीकांत पेटकरांचं नाव घ्यायला पाहिजे. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात, बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात. कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचारात व्यायाम म्हणून पोहायला सुरुवात केली. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. "चंदू चॅम्पियन" बघितला असेल तुम्ही, पण सिनेमात गाणी जास्त आहेत. मला विचाराल तर खरा सिनेमा खांद्यात आणि पाठीत घडला. पाय जे काम करत होते ते सगळं त्या स्नायूंनी उचललं.

आता येऊ त्या मधल्या कडीवर, सुजेवर. इथे माझी चूक आहे.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मौरो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचा स्नायू बघत होते. तंतूच्या कडेला, त्याच्याच पापुद्र्याखाली, चिकटून बसलेल्या काही छोट्या पेशी दिसल्या. काम काही करत नव्हत्या, नुसत्या पडून. त्यांनी त्यांना सॅटेलाइट सेल म्हटलं आणि लिहिलं की स्नायू दुरुस्त होण्याचं कोडं कदाचित इथे सुटेल. सुटलंही. स्नायूला इजा झाली की या झोपलेल्या पेशी जाग्या होतात, वाढतात आणि तुटलेल्या तंतूला जाऊन मिळतात, किंवा नवा तंतू बनवतात. मला हे सर्व्हरच्या स्टँडबाय नोडसारखं वाटतं. मुख्य मशीन पडलं की जागं होणारं.

पण त्यांना जागं कोण करतं? सूज. इजेनंतर काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी पोहोचते. मग मॅक्रोफेज येतात, मराठीत भक्षक पेशी. आधी त्या तुटलेला राडा खातात. एक-दोन दिवसांनी त्याच भक्षक पेशी आपला स्वभाव बदलतात आणि सॅटेलाइट सेलना वाढीचे संदेश द्यायला लागतात. उंदरांमध्ये या भक्षक पेशींना स्नायूत येऊच दिलं नाही, तर जखम नीट भरत नाही. तिथे स्नायूऐवजी चरबी आणि वण तयार होतो. म्हणजे लालसर, गरम, सुजलेला भाग हा बिघाड नाही, तिथे दुरुस्तीचं काम चालू आहे. त्यापुढची गोष्ट २००० च्या आसपासची. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसेन यांच्या गटाला दिसलं की काम करणारा स्नायू स्वतःच आयएल-६ नावाचं रसायन रक्तात सोडतो. सूज आणणारं म्हणून बदनाम असलेलं रसायन, आणि सोडतोय कोण, तर पळणारा पाय. अशा रसायनांना त्यांनी मायोकाइन हे नाव दिलं.

आणि आपण काय करत होतो? १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी इजेसाठी आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच ठेवणं हा चार शब्दांचा नियम लिहिला. जगभर पसरला, शाळेच्या भिंतीवर लागला. २०१४ मध्ये खुद्द मिर्किन यांनी लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम बरं होणं लांबवू शकतात. स्वतःची चूक अशी छापून सांगणारे लोक मला आवडतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजनं उचलल्यावर बर्फासारख्या गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू हलका सायकल व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. रील्समध्ये बर्फाच्या टबात बसलेले लोक दिसले की आता मला हे आठवतं.

गोळ्यांचं तसंच. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात, त्याने सूज आणि दुखणं उतरतं. त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. मात्र तीच प्रोस्टाग्लँडिन स्नायूच्या वाढीच्या संदेशातही लागतात. २०१८ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने १८ ते ३५ वयाच्या ३१ जणांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली. अर्ध्यांना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, अर्ध्यांना अगदी थोडं अ‍ॅस्पिरिन. आयबुप्रोफेनवाल्यांच्या मांड्या दुसऱ्यांच्या जवळपास निम्म्याच वाढल्या. थांबा, लगेच गोळ्या फेकू नका, कारण याच्या उलटही आहे. २०११ च्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या लोकांना अशाच गोळ्या दिल्या तर त्यांचे स्नायू उलट जास्त वाढले. म्हाताऱ्या शरीरात सूज मंद, कायम तेवत असते, ती थोडी दाबली तर बरं होत असावं. म्हणजे आबाजींना जे चालेल ते विशीतल्या पोराला चालेलच असं नाही.

आणि एक जास्त गंभीर गोष्ट. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांबद्दल लिहिलं. पाय चिरडलेले लोक जिवंत बाहेर यायचे आणि काही दिवसांनी मूत्रपिंड बंद पडून मरायचे. चिरडलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात जाऊन अडकायचं. अतिव्यायामातही हे होऊ शकतं, विशेषतः उन्हात, पाणी कमी पडल्यावर. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्यावर डायक्लोफिनॅक घेतलं, जे स्वतः मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं, तर काय? डायक्लोफिनॅकने काय होतं ते गिधाडांना विचारा, म्हणजे उरली असतील तर. हे औषध दिलेली जनावरं मेली, गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं बंद पडून गिधाडं संपली. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठी ते रीतसर मिळतं, गरजेला उपयोगीच आहे, पण ग्राउंडच्या आधी दोन-दोन गोळ्या खाऊन १६०० मीटर मारायला ते बनवलेलं नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली तर यूट्यूब बघू नका, थेट डॉक्टरकडे जा.

मावसभाऊ मी दिलेल्या स्ट्रिपवर थांबला नाही. मग मेडिकलमधून आणायला लागला. रोज सकाळी पळायच्या आधी एक, कधी दोन. दुखत नव्हतं म्हणून पळत राहिला. भरतीच्या ग्राउंडवर १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीत मांडीच्या मागे कट्ट वाजलं आणि तो खाली बसला. हॅमस्ट्रिंग. गोळीमुळेच फाटला असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पण त्याला महिनाभर जे दुखणं सांगत होतं ते त्याला ऐकू येऊ नये याची व्यवस्था सगळ्यात आधी मी केली होती, हे मला माहीत आहे.

घरच्यांनी त्याला खाटेवर निजवलं, दोन महिने हलू दिलं नाही. हेही प्रेमानेच. फिनलंडच्या मार्कु यार्विनेन यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर बघितलं होतं की फाटलेल्या स्नायूला सुरुवातीचे थोडे दिवस स्थिर ठेवणं चांगलं, पण नंतर लवकर हालचाल दिली तर नवे तंतू सरळ, ओळीत बसतात. जास्त बांधून ठेवलं तर वेडेवाकडे. नागपूरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं तेव्हा त्या ताईंनी टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी चांगलीच बारीक झाली होती. मग सुरू झालं तेच डीलॉर्मचं. थोडं वजन, दहा वेळा, पुढच्या आठवड्यात थोडं जास्त. नंतर गुडघ्यावर बसून अंग हळूहळू पुढे सोडायचा व्यायाम, ज्यात मांडीचा मागचा स्नायू लांब होता होता ओढतो. जिना उतरण्यासारखाच.

पहिले काही आठवडे त्याचा फोन आला की तो सांगायचा, डावा पाय भरून आला. नेहमी डावाच, धडधाकट. उजव्याला तो अजून वजन देतच नव्हता.

गेल्या रविवारी परत फोन आला.

"दादा, आज लय भरले पाय."

मी विचारलं, कोणता?

"दोन्ही," म्हणाला. मागून आबाजींचा खोकल्यासारखा आवाज आला. हसत होते बहुतेक.